चौथं नाव

डॉक्टर अरुमैनायगम यांच्यावरचा माझा राग तेवीस वर्षांचा आहे. माणूस देवासारखा, पण स्वतःच्या बाबतीत निव्वळ धोंडा. तूत्तुकुडीच्या मिठागरांत राबणाऱ्यांची हृदयं ते दर पाच वर्षांनी तपासत आलेत. ईसीजीच्या तारा छातीला लावायला आणि निघालेल्या पट्ट्या वाचायला मी, इसक्कियम्माळ. चार फेऱ्या झाल्या. पाचवी तोंडावर आली आणि अय्यांच्या, म्हणजे आमच्या डॉक्टरांच्या, निवृत्तीचा कागद आला. मुदतवाढ नाही मिळाली तर फेरी बुडणार आणि मिठागरातली सतराशे माणसं वाऱ्यावर.

मुदतवाढीसाठी समिती छापून आलेल्या लेखांची यादी बघते. ती ग्रंथालयातल्या सुडलैमुत्तूने संगणकातून काढली. एकसष्ट लेख, आणि अय्यांचं नाव एकाही ओळीत नाही. संगणक प्रत्येक लेखाची पहिली तीनच नावं छापतो, पुढे ‘आणि इतर’. आमचे अय्या जन्मभर चौथे. सुडलैने तशीच यादी तयार केली आणि या गृहस्थांनी तिच्यावर सहीसुद्धा ठोकली.

जाब विचारायला गेले, तर कॉफी फुंकत म्हणाले, असू दे गं, लेख तर आहेत ना. माझ्या डोक्यात तिडीकच गेली. आमच्या धंद्यात पहिलं नाव राबणाऱ्याचं आणि शेवटचं प्रमुखाचं. या दोन जागांसाठी भले भले डॉक्टर एकमेकांचं तोंड बघत नाहीत. मधली नावं म्हणजे सांबारातला कढीपत्ता. वास सगळ्यांना हवा, पण ताटात आला की बाजूला. आणि हे प्रमुख असून आपणहून कढीपत्ता झाले.

समिती दुसऱ्या दिवशी अकराला बसणार होती. सकाळी सातलाच मी सुडलैला घरातून ओढून आणलं, ग्रंथालय उघडायला लावलं. मूळ अंक काढून मी सगळी नावं वाचायची, त्याने टाइप करायची. पहिली नावं सगळी ओळखीची निघाली. आमच्याबरोबर उन्हात करपलेली, माझ्या डब्यातला लिंबूभात खाल्लेली पोरं. आज कुणी मदुरैला प्रमुख, कुणी परदेशात.

मग तो गाजलेला लेख आला. वरून धडधाकट दिसणाऱ्या माणसाच्या पट्टीत एक बारीक खूण दिसते आणि काही वर्षांनी त्याला झटका येतो, असं सांगणारा. सुडलै म्हणाला, जगभरातल्या नऊशे लेखांनी याचा आधार घेतलाय. मी नावं वाचत गेले आणि शेवटच्यापाशी अडले.

“वाच की, अक्का,” सुडलै म्हणाला.

काय वाचणार, कपाळ? ते माझं नाव होतं. कधीतरी अय्यांनी एक कागद पुढे केला होता आणि मी रजेचा असेल म्हणून सही केली होती.

बैठकीत मी नवी यादी आणि अंकांचा गठ्ठा घेऊन दाराशी उभी राहिले. चेन्नईहून आलेल्या अध्यक्ष डॉक्टर तिलकवती त्याच लेखावर थांबल्या.

“या इसक्कियम्माळ तेव्हा विभागप्रमुख होत्या का?”

“नाही, बाई,” मीच म्हणाले. “मी तारा लावते.”

बाईंनी चष्मा काढून अय्यांकडे पाहिलं.

“ती खूण पहिल्यांदा हिला दिसली,” अय्या म्हणाले. “सहा महिने माझ्याशी भांडत होती, मी ऐकत नव्हतो. लेख हिच्या भरवशावर उभा राहिला. शेवटच्या जागी माझं नाव कसं घालू?”

बाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग यादी बाजूला सारून त्यांनी विचारलं, पाचवी फेरी कधी सुरू करताय? दोन वर्षं मागितली होती, दीड मिळालं. तेवढ्यात होईल, पोळ्या लाटाव्यात तशा पट्ट्या काढू.

बाहेर आल्यावर मी अय्यांना बजावलं, या खेपेला शेवटी तुमचं नाव, नाहीतर एकाही छातीला तार लावणार नाही. बघू म्हणाले. बघू नाही, आत्ता लिहून द्या म्हटलं. त्यांनी खिशातून पेन काढलं आणि जुन्या यादीच्या पाठीवर लिहिलं: पहिलं नाव इसक्कियम्माळ, उन्हात मीच हिंडणार म्हणून. मग दोन-चार पोरांची. आणि तळाशी, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, स्वतःचं.

मी भर कॉरिडॉरमध्ये रडले. तेवीस वर्षांचा राग हा माणूस दोन मिनिटांत विरघळवतो, आता मला त्याचाच राग येतो.