पू नसलेला अंगठा

चोवीस हजार.

मधोमध रेघ असलेली चपटी पांढरी गोळी.

"बघा वहिनी, सूज नाही की पू नाही!"

तीन.

औषधांच्या दुकानात चार महिने खोकी फोडली, तेवढ्यावर धाकट्या दिराला घरात सगळे 'डॉक्टर' म्हणायचे, आणि त्यालाही त्यात काही गैर वाटत नसे. सासूबाईंचा अंगठा ठेच लागून चिघळला, सुजून लाल झाला, तेव्हा त्याने त्यांना "माझ्याकडचं औषध" सुरू केलं. चार दिवसांत सूज उतरली. डॉक्टरची मान ताठ झाली.

मग सासूबाईंना हुडहुडी भरून ताप आला.

सुनेची नोकरी रक्त तपासायची. तिने त्यांचं रक्त नेलं, जखमेतली ओलही तपासणीच्या काचपट्टीवर पुसून नेली. रक्तात पांढऱ्या पेशी चोवीस हजार, नेहमीच्या दुपटीहून जास्त. जखमेच्या काचेवर त्याच पेशी शोधून शोधून तीन, आणि भोवती जंतूंचा नुसता बुजबुजाट. घरी येताच तिने दिराकडे औषधाची पट्टी मागितली. त्याच्याच दम्याचं स्टिरॉइड.

"चोवीस हजार! म्हणजे फौज तगडी आहे," डॉक्टर खूश.

"फौज रक्तातच गोल गोल फिरतेय, भाऊजी. जखमेपाशी रक्तवाहिनीची आतली भिंत चिकट होते. पेशी तिथे घरंगळतात, चिकटतात, भिंतीतून अंग चोरून बाहेर पडतात. तुमच्या गोळीने तो चिकटपणाच घालवला. आता सगळ्या तुमच्यासारख्या. दारावरून ऐटीत जातात, कामाला हात लावत नाहीत."

"पण सूज उतरली ना?" नवरा म्हणाला. "उद्यापर्यंत बघू की."

"सूज म्हणजे काम चालू होतं. भाऊजींनी ते बंद पाडलं. गाडी काढा."

"दुखत नाहीये गं मला," सासूबाई कण्हत म्हणाल्या. "त्याला बोलू नकोस, जीव लावून करतो तो."

"आई, तुम्हाला पाय वाचवायचाय की त्याचं मन?"

दवाखान्यात सर्जनने विचारलं, काय काय दिलं. डॉक्टरने गोळीचं नाव, ताकद, वेळा, सगळं घडाघडा सांगितलं.

"शिकलात कुठे?" सर्जनने लिहिता लिहिता विचारलं.



अंगठा गेला. पाय राहिला.

ताप यायच्या आधी, मंगळवारी सासूबाईंनी पाय पुढे केला होता, तेव्हा "छान सुकतंय" असं सगळ्यांत आधी सूनच म्हणाली होती.