मागच्या पानांवरची उत्तरं

विर्यावान सरांनी आपल्या गणिताच्या पुस्तकात मागं दिलेल्या उत्तरांचे प्रकरण-क्रमांक हातानं टाइप केले. "अहो, प्रकरणाप्रमाणे संगणकच घालतो की!" सहलेखिका सुलास्त्री सांगून थकली. "यंत्राचा भरवसा नाही," म्हणे! मग डीनची मर्जी राखायला या महाशयांनी सुरुवातीलाच एक प्रकरण घुसडलं. संगणकानं पुढची सगळी प्रकरणं आपसूक एकेक क्रमांक सरकवली. हातानं ठोकलेली उत्तरं मात्र जागची ढिम्म हलली नाहीत; प्रत्येक प्रकरणाच्या नावावर भलत्याच प्रकरणाची उत्तरं आली.

बांडुंग शहरातल्या वर्गात वर्षभर पुस्तक चाललं. एकाही पोराची तक्रार नाही. हे कसं, म्हणून सुलास्त्री सरांच्या खोलीत गेली. सोयाबीनचं तळलेलं तेंपे चघळत सर पेपर तपासत होते. पोरांनी मागच्या पानांवरून उतरवलेली चुकीची उत्तरं ते त्याच पानांशी ताडून पाहत होते.

"बघ, सगळ्यांना पैकीच्या पैकी!" सर म्हणाले. "आणि तू म्हणे पुस्तकात चुका काढतेस!"