पाहुणे येणार म्हणून

मित्रांनो, मी एक जुनं जपानी घड्याळ आहे. सध्या मुक्काम अमेरिकेत, ॲन आर्बर गावी, सुमंत आणि त्याची बायको सुनेत्रा यांच्या दिवाणखान्यात. येणारा-जाणारा माझं कौतुक करतो, पण मला मात्र तोंड लपवावंसं वाटतं.

माझा जन्म नागोयाचा. तेव्हा जपाननं जगाला दारं लावून घेतली होती. दिवस लहान असो की मोठा, सूर्योदय ते सूर्यास्त सहाच तास, रात्रीचेही सहाच. त्यामुळे दिवसाचा तास उन्हाळ्यात ऐसपैस, हिवाळ्यात आखूड. माझी चाल त्याला जुळावी म्हणून मालक दर पंधरवड्याला माझी वजनं सरकवत. मग दारं उघडली. आगगाडी आली, डोक्यावरच्या शेंड्या नि कमरेच्या तलवारी गेल्या, पुढे राज्यघटनाही आली. या धामधुमीत नव्या सरकारनं सगळे तास सारखे केले आणि मी एका फटक्यात अडाणी ठरलो. विलायती पोशाखातले पाहुणे येणार म्हटलं की मालक मला कपाटात कोंबत.

शेवटी मी त्या कपाटातच विसरला गेलो. कित्येक वर्षांनी कुणीतरी काढून विकलं, हातोहाती मी अमेरिकेत आलो आणि सुमंतनं मला इथल्या जुन्या बाजारातून आणून मानानं टांगलं.

गेल्या महिन्यात त्याचे वडील, जगन्नाथराव, साताऱ्याहून आले. आमटीचा असा भुरका मारत की घर दणाणे. नागोयात रश्शातल्या लांब शेवयांचे भुरके ऐकतच मी मोठा झालो, त्यामुळे मला फार बरं वाटे.

शनिवारी सुमंतची मॅनेजर जेवायला येणार होती. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही वरच जेवता का? खाली सगळं इंग्लिशमध्ये चालणार, बोअर व्हाल."

"बरं," म्हणून जगन्नाथराव ताट घेऊन जिना चढले.

जेवताना सुमंत माझ्याकडे बोट दाखवून रंगात आला. मॉडर्न व्हायच्या घाईत त्या लोकांनी अशी घड्याळं लपवली, आपल्याच वस्तूची लाज वाटली त्यांना, असं तो हसत सांगत होता. मॅनेजरनं सहज विचारलं, "तुझे वडील आलेत ना? कुठे आहेत?"

"झोपलेत," सुमंत म्हणाला. सुनेत्रानं मान खाली घातली. माझ्याच खाली बसून तो हे बोलला, आणि लाजेनं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वरून एकही भुरका ऐकू आला नाही.

पाहुणे गेल्यावर जगन्नाथराव रिकामं ताट घेऊन जिन्यात आले. हळूच म्हणाले, "सुमंत, माझा आवाज नाही ना आला खाली?"

सुमंतनं ताट त्यांच्या हातातून घेतलं आणि तो तिथेच पायरीवर बसला.

मित्रांनो, मला कपाटातून शंभर वर्षांनीही कुणीतरी बाहेर काढलं. माणसाजवळ तेवढा वेळ नसतो. पाहुणे यायच्या आत त्याला खाली बोलवा.