पंख्याखालचा तराजू

स्वप्नात ते नाणं नेहमी ताटाएवढं असायचं. परवा दुपारी ते खरंच माझ्या टेबलावर आलं, तेव्हा अंगठ्याच्या नखाहून जेमतेम मोठं होतं.

भंगारवाल्याकडून मी किलोवर एक पिशवी घेतली होती. बटणं, किल्ल्या, चलनातून गेलेली चिल्लर. असला माल मी साध्या पाण्यात भिजत घालतो आणि बसून राहतो. घासायचं नाही! घासणाऱ्यांची मला मनापासून चीड येते. शंभर वर्षांत चढलेला रंग पाच मिनिटांत खरवडतात आणि वर विचारतात, कसं चमकतंय बघा! दुपारी दुकानात कोणी नसतं. पाण्यातून एकेक चेहरा वर येतो, उन्हाचा कवडसा भांड्यावरून सरकतो, आणि आपण जागे आहोत की झोपेत, हे माझं मलाच कळेनासं होतं.

तशातच ती दिसली. खांद्यावर पक्षी बसलेली राणी, आणि पक्ष्याची शेपटी थेट कडेला टेकलेली. तो पहिला साचा. थोडीशी नाणी पडली आणि साचा तडकला. दुसऱ्यात शेपटी आखूड केली. आखूड शेपटीची हवी तेवढी मिळतात. लांब शेपटीची आजवर नऊ सापडलीत.

कड फिरवून पाहिली तर खाली कानशीची बारीक खाच. ती खाच आमच्या काकांची होती.

तीस वर्षांपूर्वी, काकांच्या हाताखाली काम करताना, हेच नाणं मी ओळखलं होतं. काकांनी ते तराजूत टाकलं. वजन कमी भरलं. कानस मारून पाहिली, आत चांदी निघाली. "चांदी खरी असली म्हणून नाणं खरं होत नाही," ते म्हणाले. आणि चार गिऱ्हाइकांसमोर वर आणखी, "तडतड्या, तुला डोळा नाही." नाणं चिल्लरच्या भांड्यात गेलं. त्याच आठवड्यात मला मोठ्या शहरातल्या संग्रहालयाने परीक्षक म्हणून बोलावलं होतं. ते पत्र मी फाडलं. डोळा नसलेला माणूस तिथे जाऊन काय दिवे लावणार?

परवा मी ते नव्या काट्यावर ठेवलं. वजन बरोबर! तीनदा ठेवलं, तीनदा बरोबर. मग माळ्यावरून काकांचा जुना तराजू काढला आणि त्याच्या जुन्या जागी मांडला. त्याच्या पेटीचं काचेचं दार फार पूर्वीच तुटलंय. वजनांचं पारडं नेमकं पंख्याखाली येतं, नाण्याचं भिंतीच्या आडोशाला. पंखा लावला, वाऱ्याने वजनांचं पारडं दाबलं गेलं, राणी वर उचलली गेली. पंखा बंद केला. दोन्ही पारडी हळूहळू एका रेषेत येऊन थांबली.

एका पंख्याने माझं वाटोळं केलं होतं. नाणं रुमालात गुंडाळून मी तरातरा जिना चढलो. काका आता अठ्ठ्याऐंशीचे आहेत, दुकानाच्या वरच्या खोलीत असतात. मला एकच गोष्ट हवी होती. त्यांनी तोंडाने म्हणावं, की त्या दिवशी मी बरोबर होतो.

खोलीत पडदे ओढलेले होते. त्या हिरवट उजेडात काका आरामखुर्चीत पाण्याखाली बसल्यासारखे दिसत होते. मी नाणं त्यांच्या तळहातावर ठेवलं. त्यांचा अंगठा राणीवरून फिरला, पक्ष्यावरून फिरला, खाचेवर थांबला.

"लांब शेपटी," ते म्हणाले. "काय किंमत धरलीस?"

"मोठं घर येईल एवढी होती. तुमच्या खाचेमुळे आता लहान घर येईल."

ते हसले. माझं डोकं आणखी सणकलं.

"काका, त्या दिवशी पंखा चालू होता."

"हो ना."

"हो ना काय?"

"त्याच संध्याकाळी कळलं मला. गार झालं म्हणून पंखा बंद केला, तेव्हा लक्षात आलं. भांड्यात हात घातला, तर चिल्लर विकून झाली होती. तुझा डोळा चांगलाच आहे रे. तेव्हाही होता."

जे ऐकायला मी जिना चढून आलो होतो, ते इतकं सहज आलं की मला त्याचं काय करावं तेच कळेना.

"मग बोलला का नाहीत?" मी ओरडलोच. "तीस वर्षं, काका!"

"संग्रहालयाचं पत्र मी वाचलं होतं. तू गेला असतास. तुझ्या काकूला जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. वर ही खोली, खाली दुकान. दोन्हीकडे मी एकटा."

मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि दोन्हींत आधी कशाला वाट द्यावी ते समजत नव्हतं.

"गेलो असतो," मी म्हणालो. "आणि दर रविवारी आलो असतो."

काकांनी पुन्हा एकदा नाण्यावरून अंगठा फिरवला.

"हे मला सुचलंच नाही रे," ते म्हणाले.