मागे बसून घेतलेलं माप

माझा मुलगा पंख्यांचं वाइंडिंग डोळे मिटून करतो. डोळे उघडले की मात्र त्याला समोरचं दिसत नाही.

मोटरसायकल ह्यांची. हे घरोघर पाण्याचे जार पोचवायचे. मागे दोन, टाकीवर एक, वर स्वतःचं पोट. एवढ्या ओझ्याने पुढचे शॉकअप दबायचे, म्हणून ह्यांनी आतल्या स्प्रिंगांवर पाइपचे लांब तुकडे बसवून ते ताठ केले होते. हे गेले, जार गेले आणि गाडी सुनेकडे आली. सून म्हणजे मूठभर. लॅबमध्ये नोकरीला लागलीय. लोकांच्या घरी जाऊन रक्त काढायचं, नळ्या पेटीत ठेवायच्या, पेटी गळ्यात अडकवायची आणि सांभाळून लॅबमध्ये द्यायची.

सांभाळते कसली! रस्त्यात खडा आला तरी पुढचं चाक उडायचं आणि नळ्यांतलं रक्त घुसळून खराब व्हायचं. शनिवारी लॅबवाल्या बाईंनी सांगून टाकलं, "सोमवारी पुन्हा असं झालं, तर पेटी इथे ठेव आणि घरी जा." पोरगी आली ती मनगटं चोळत. जेवलीसुद्धा नाही.

"शॉकअप उघड," मी मुलाला म्हटलं.

"बाबांचं सेटिंग आहे ते. हात लावायचा नाही."

"सीलमधून तेल गळतंय, रोज सकाळी फडक्याने पुसतोस, तेही बाबांचंच सेटिंग का?"

"आई, हिनेच जरा खायला पाहिजे. वजन वाढलं की गाडी आपोआप बसेल."

घ्या! गाडी आहे तशी ठेवायची आणि बायको जाड करायची. तीही सोमवारपर्यंत.

रविवारी सकाळी माझ्या तोंडाला कंटाळून तो माप घ्यायला तयार झाला. सुनेच्या केसांचं रबर काढून शॉकअपच्या चकचकीत नळीवर चढवलं आणि खाली सरकवून ठेवलं. बसणाऱ्याच्या वजनाने नळी जेवढी आत जाईल, तेवढं रबर वर सरकतं. सून बसली. रबर चांगलं तीन बोटं सरकलं.

"बघ! गाडी बरोबर आहे. हिलाच चालवता येत नाही."

पुन्हा बसवलं. पुन्हा तेच. सून मान खाली घालून म्हणाली, "माझंच चुकत असेल, आई. मी सांगते बाईंना, नाही जमत म्हणून."

हे ऐकून माझं डोकं फिरलं. हातातले कपडे तसेच टाकून दारातून उठले, जवळ जाऊन बघते तर काय! हा पठ्ठ्या तिच्या मागे बसलेला, तिच्या खांद्यांवरून ओणवा होऊन दोन्ही हातांनी हँडल दाबून धरलेलं.

"तू कशाला चढलायस रे?"

"ती गाडी पाडेल ना."

"मग सोमवारीही असाच मागे बसून हँडल दाबत जाणार का, लोकांचं रक्त काढायला?"

सून खुदकन हसली. हा उतरला. रबर पुन्हा खाली सरकवून मी मागून कॅरिअर धरलं आणि ती एकटी बसली. रबर जागचं हललं नाही.

"आता बोल," मी म्हटलं. तो पाना आणायला गेला.

इंजिनाखाली लाकडी खोकं सरकवून चाक अधांतरी केलं. "वरचं झाकण काढताना तोंड बाजूला ठेव, स्प्रिंग उसळते," मी सांगतेय, तो "माहीत आहे" म्हणतोय, तेवढ्यात झाकण उडून बादलीवर टणकन आपटलं. माहीत होतं म्हणे! तेल निघालं ते गटाराला लाजवेल असं. ह्यांचे पाइपचे तुकडे निघाले तर हा पुसतच बसला.

"जपून ठेव हवं तर. पण कपाटात."

नवे आखूड तुकडे कापले. मी दोन्ही शेजारी उभे केले, तर एक लांब, एक आखूड. "गाडीला लंगडी करतोस का? पुन्हा काप!" मग नवी सीलं, दोन्हीकडे सारखं मोजून तेल. हँडल तिच्याकडे वळवून घेतलं, ब्रेक तिच्या बोटांत येईल असा केला. ती एकटी बसली आणि रबर दोन बोटं सरकलं. पेटीत साबणाच्या पाण्याची अर्धी बाटली ठेवून तिला गल्लीतून फिरवून आणलं. कालपर्यंत त्या बाटलीत नुसता फेस झाला असता. आज पाणी पाण्यासारखंच परत आलं.

सोमवारी संध्याकाळी सून आली ती पेटी गळ्यातच घेऊन.

"बाई म्हणाल्या, पेटी आता तुझ्याकडेच राहू दे. उद्या घरूनच परस्पर निघ."

मुलाने किल्ली उचलली. म्हणे, चक्कर मारून येतो. फाटकाबाहेरच्या खड्ड्यात धाडकन आवाज झाला. गाडी ढकलत परत.

"आई, ही तर पार खालपर्यंत आपटते!"

"वजन कमी कर," मी म्हटलं. "गाडी आपोआप बसेल."