तीन मुके फोन

मित्रांनो, मी एक जुना, काळा टेलिफोन आहे. लोक बोलायचे आणि मी ऐकायचो, यातच माझे आयुष्य गेले. आता फार थकलो आहे.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याच्या तारा बसवल्या, तेव्हा मी चकचकीत होतो. आधी मालवाहतुकीच्या कचेरीत वीस वर्षे वाजलो. "काय खणखणीत आवाज!" असे कौतुकही झाले. पुढे मला छापखान्यावरच्या एका खोलीत आणले. तिथे नशा सोडलेली दहा-बारा माणसे दर रविवारी संध्याकाळी जमत. त्यांना सांभाळणाऱ्या मावशी पूर्वी परिचारिका होत्या. त्या म्हणत, "हात पुडीकडे जायच्या आधी फोनकडे जाऊ दे." म्हणून पाळीपाळीने कोणीतरी माझ्याजवळ बसे.

एका रविवारी दुपारी टेम्पोवाल्याची पाळी होती. मी वाजलो. पलीकडे कोणी बोलेना. नुसता श्वास, आणि मागे घरघर. मी तो श्वास ओळखला. तो आमच्यातला लेथवाला होता, कारखान्यात लेथ यंत्र चालवणारा. पाच महिने त्याने नशेला हात लावला नव्हता. पण माझ्यातून इतरांचे शब्द जातात, माझा स्वतःचा एकही नाही.

टेम्पोवाल्याला मात्र वेगळीच शंका आली. त्याच्या जुन्या दिवसांत माल आला की पुडीवाला असाच तीनदा मुका फोन करायचा. दुसऱ्यांदाही पलीकडून नुसता श्वासच आला. मी तिसऱ्यांदा वाजताच टेम्पोवाला ओरडला, "मी सोडलंय सगळं! पुन्हा फोन केलास तर तंगडी तोडीन!" आणि त्याने रिसीव्हर आपटला.

थोड्या वेळाने मावशी आल्या. त्याने घडले ते सांगितले.

"मागे काय वाजत होतं रे?"

"घरघर. यंत्रासारखी."

"अरे, पुडीवाल्याकडे कसलं यंत्र? लेथ आहे ती! आणि आज कारखान्याला सुट्टी. एकटाच असणार तो. काढ टेम्पो!"

तासाभराने मी वाजलो, तेव्हा संध्याकाळच्या बैठकीसाठी खोली भरली होती. मावशींचा आवाज दमलेला होता. "सापडला. पुडी घेतलीय त्यानं. शुद्धीवर आहे, टेम्पोवाला धरून बसलाय. पण 'आता कुठल्या तोंडानं येऊ' म्हणतो. बोला त्याच्याशी."

माझी वायर आखूड, म्हणून सगळे माझ्यापुढे रांगेत उभे राहिले. शिंपीणकाकू म्हणाल्या, "मी चारदा घसरलेय, तुझं पहिलंच. एवढा भाव खाऊ नकोस!" बेकरीवाला म्हणाला, "मला बसायला दोन खुर्च्या लागतात, तरी तुझी सोडलीय." बाकीचे नुसते "ये रे" म्हणाले.

बराच वेळ शांतता होती. कोणीही फोन ठेवला नाही. मग घोगरा आवाज आला, "येतो."

पुढे तो आणखी एकदा घसरला, आणि पुन्हा आला. आता सगळ्यांच्या खिशात मोबाइल आहेत. माझी लाइन कापली आहे, तबकडी फिरत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कोणी फोन करून गप्प राहिले, तर लगेच ठेवू नका. काही शब्दांना ओठांपर्यंत यायला फार वेळ लागतो. "ऐकतोय" म्हणा, आणि थांबा.