धक्क्यावरच्या भरतीमापकाचे म्हणणे

मित्रांनो, मी भरतीमापक आहे, जुना आणि हट्टी. मॉरिशसच्या दक्षिणेला, शमें ग्रेनिए गावाच्या खाली कोळ्यांचा एक धक्का आहे. सत्तरच्या दशकात मला तिथे बसवले. समुद्रात उतरलेली उभी नळी, तिच्यात तरंगणारा फ्लोट आणि वर फिरणाऱ्या कागदावर रेघ काढणारा टाक, एवढाच माझा देह. पाणी चढले की रेघ चढते. वादळात लाटा माझ्या डोक्यावरून गेल्या, झाकण उडाले. मी रेघ सोडली नाही.

इंद्राणी माझी देखभाल करी. ती गावातल्या मराठी घरातली; शिकून मोका गावच्या समुद्रमापन कार्यालयात लागली होती. नळीतले शिंपले खरवडताना ती माझ्याशी मराठीत बोले, आणि बोट कापले की बेटावरच्या क्रेओल बोलीत ओरडे.

ऐंशीच्या दशकात आकाशात उपग्रह आला. तो रडारची लहर समुद्रावर सोडी आणि ती किती वेळात परत येते यावरून पाण्याची उंची काढी. त्याचे फार कौतुक झाले. मी सांगत होतो, पाणी चढतेय. तो म्हणे, या भागात समुद्र तेवढा चढलेलाच नाही.

एके दिवशी इंद्राणीचे साहेब चंद्रमोहन धक्क्यावर आले. "हे यंत्र बिघडलंय. काढून टाका."

जाळे सोडवत बसलेला जयराम कोळी ताडकन उठला. "नों, साहेब! मोठ्या भरतीला लामेर माझ्या घोट्याला लागतो. आधी हितं कोरडं राहायचं. तुमच्या उपग्रहाला पाय हायत का?" समुद्राला तो लामेरच म्हणे.

"म्हणजे उपग्रह चुकतोय?"

"दोघंही खरे असतील," इंद्राणी म्हणाली. "जयरामकाका, पट्टी धरा. आधी धक्का मोजू."

किनाऱ्यावरच्या काळ्या खडकात उंचीची पक्की खूण होती. तिथे दुर्बीण लावून तिने माझी पातळी घेतली. साहेबांनी स्वतः डोळा लावून ती पुन्हा घेतली. धक्का चार बोटे खचला होता आणि त्याच्याबरोबर मीही. समुद्र फारसा चढला नव्हता. आम्हीच खाली गेलो होतो.

"मग उपग्रहच बरोबर," साहेब म्हणाले. मला वाटले, संपले.

"बरोबर आहे. पण खचलेला धक्का त्याला दिसला का? माणसं जमिनीवर राहतात, साहेब. पाणी त्यांच्या दारात किती आलं, ते हाच सांगणार. मी याला हात लावणार नाही. काढायचा तर तुम्ही काढा." तिने पाना त्यांच्या हातात ठेवला.

साहेबांनी खाली वाकून त्याच पान्याने माझा सैल झालेला बोल्ट आवळला.

पुढे धक्क्याखाली नवा भराव पडला. तो उपग्रह काही वर्षांनी मुका झाला. मी रेघ काढतोच आहे.

मित्रांनो, आकाशात खुशाल डोळे पाठवा. पण उभे आहात ती जमीनही मोजत राहा. आणि मला उपटायला याल, तेव्हा आधी बूट काढून एक भरती माझ्याशेजारी उभे राहा.